कौशल्य, कायक आणि विसावा : एका अनुबोधपटाच्या निमित्ताने

एका जपानी आचाऱ्यावरील अनुबोधपटाची चर्चा धर्मशास्त्रविषयक पत्रिकेत कशासाठी, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, 'पाचारण' हा शब्द आपल्या मंडळ्यांत पाळक, शिक्षक आणि परिचारिका यांच्यापुरताच उरला आहे. सुतार, गवंडी, शिंपी अथवा आचारी यांचे काम म्हणजे पोटाचे साधन, आणि पाचारण म्हणजे काही वरच्या पायरीची गोष्ट, अशी वाटणी आपण नकळत करून ठेवली आहे. धर्मसुधारणेच्या काळी मार्टिन ल्यूथर याने हीच वाटणी मोडून काढण्याचा यत्न केला. मठातील संन्याशाइतकेच शेतकऱ्याचे आणि मोलकरणीचे कामही ईश्वराने सोपविलेले आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्या प्रतिपादनाची कसोटी पाहण्याची संधी प्रस्तुत पट देतो. तो पाहून आम्ही प्रभावित झालो आणि अस्वस्थही झालो. या दोन्हींचा हिशेब येथे मांडावयाचा आहे.

पटाचे नाव 'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी', म्हणजे 'जिरोला सुशीची स्वप्ने पडतात'. डेव्हिड गेल्ब या तरुण अमेरिकन दिग्दर्शकाने तो २०११ साली प्रेक्षकांपुढे आणला. लांबी सुमारे ८० मिनिटे, भाषा जपानी. आम्ही तो पाहिला बिदर जिल्ह्यातील सीमेवरच्या एका मंडळीच्या सभागृहात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद हा सारा पट्टा असा की, तेथे पुष्कळांच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी चालते. उपशीर्षके इंग्रजी असल्यामुळे एक तरुण शिक्षक मधून मधून पट थांबवून मराठीत अर्थ सांगत होता. प्रेक्षकांत गवंडी होते, शेतकरी होते, शिक्षक होते, आणि एका वसतिगृहात अनेक वर्षे मुलांसाठी भाकरी थापलेल्या एक वृद्ध बाई होत्या. त्या बाईंच्या एका प्रश्नाकडे आम्ही पुढे वळणार आहोत. कारण आमच्या मते त्या रात्री पटाचे खरे परीक्षण त्यांनीच केले.

पटाचा विषय

जिरो ओनो यांचा जन्म १९२५ सालचा. पटात ते ८५ वर्षांचे आहेत. टोकियो शहराच्या गिंझा या श्रीमंत भागात, एका इमारतीच्या तळघरात, भुयारी रेल्वेच्या स्थानकालगत त्यांचे 'सुकियाबाशी जिरो' हे भोजनगृह आहे. बसावयास अवघ्या १० जागा; स्वच्छतागृहही बाहेरचे. तेथे सुशीखेरीज दुसरे काही मिळत नाही. सुशी म्हणजे शिरका घातलेल्या भाताच्या लहानशा मुटक्यावर माशाचा, बहुधा कच्च्या माशाचा, काप ठेवून केलेला एक घास. असे सुमारे २० घास एकामागून एक पाहुण्यापुढे ठेवले जातात आणि भोजन पुष्कळदा अर्ध्या तासाच्या आत आटोपते. त्याचे मूल्य पटाच्या वेळी ३०,००० येनांपासून पुढे होते, आणि जागा किमान महिनाभर आधी राखून ठेवावी लागे. फ्रान्समधील मिशेलिन ही टायर बनविणारी कंपनी भोजनगृहांची जी मार्गदर्शिका काढते, तिने २००७ साली आपल्या टोकियोच्या पहिल्याच आवृत्तीत या तळघराला ३ ताऱ्यांचे सर्वोच्च मानांकन दिले.

पटाला रूढ अर्थाने कथानक नाही. पहाटेचा मासळीबाजार, भात शिजविणे, मासे कापणे, पाहुण्यांची बैठक, रात्रीची आवराआवर आणि पुन्हा पहाट, असा दिनक्रम पुनःपुन्हा समोर येतो. त्यातूनच माणसे उलगडतात. जिरोंचा थोरला मुलगा योशिकाझु पन्नाशीला आला आहे आणि अजून वडिलांच्या हाताखाली उभा आहे. धाकटा ताकाशी रोप्पोंगी भागात स्वतःचे भोजनगृह चालवितो. याखेरीज काही उमेदवार शिष्य, काही व्यापारी आणि मासुहिरो यामामोतो हे खाद्यसमीक्षक आपले अनुभव सांगतात.

हाताची साधना

प्रथम पटाचे ऋण मान्य केले पाहिजे. हातांच्या कामाकडे इतक्या आदराने पाहणारे चित्रण विरळा. येथे येणाऱ्या उमेदवाराला प्रथम चटके बसतील इतके गरम पंचे पिळावयास शिकावे लागते. मग भात, मग मासे. अंड्याची वडी करण्याची परवानगी मिळावयास १० वर्षे लागतात. नाकाझावा नावाचा शिष्य सांगतो की, त्याने केलेल्या २०० हून अधिक वड्या नापसंत ठरल्या. कित्येक महिन्यांनंतर एके दिवशी जिरोंनी 'आता जमले' अशा अर्थाचे काही म्हटले आणि त्याला रडू कोसळले. गुरूने त्या दिवशी त्याला प्रथम 'शोकुनिन', म्हणजे कसबी कारागीर, म्हटले. अष्टपाद नावाचा सागरी जीव मऊ पडावा म्हणून पूर्वी तो अर्धा तास हाताने मळीत. अलीकडे ४० ते ५० मिनिटे मळतात. का, तर चव थोडी अधिक चांगली लागते म्हणून. पाहुणा डावखुरा आहे असे दिसले की जिरो घास ठेवण्याची बाजू बदलतात. स्त्री-पाहुण्यांसाठी घास किंचित लहान करतात. बोलणे नाही, उपदेश नाही. केवळ लक्ष देणे आहे.

आमच्या प्रेक्षकांना हे परके वाटले नाही, याचे कारण बिदरच्या गल्ल्यांत अशीच साधना चालत आलेली आहे. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली आणि त्या आश्रयाने येथे बिदरी काम रुजले. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओतावयाचे, ते कानशीने घासावयाचे, मोरचूद चोळून त्यावर तात्पुरता काळेपणा आणावयाचा, त्यावर टोकाने नक्षी कोरून चर पाडावयाचे आणि त्या चरांत चांदीची तार ठोकून बसवावयाची. शेवटी किल्ल्यातील माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापविलेल्या भांड्यास चोळले की, जस्ताचा भाग कायमचा काळा होतो आणि चांदी तशीच झळकत राहते. ही माती कोठलीही चालत नाही. ऊन-पाऊस न लागलेल्या जागची माती निवडून आणतात, आणि ती योग्य आहे किंवा नाही, हे जुने कारागीर जिभेवर ठेवून ठरवितात. मातीची चव घेऊन काम करणारा हा कारागीर आणि भाताची चव घेऊन काम करणारे जिरो हे एकाच जातीचे साधक होत. या कामाला २००६ साली भौगोलिक निर्देशन मिळाले आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली. लोकांचे लक्ष गेले, हे चांगलेच झाले. परंतु लक्ष जाण्यापूर्वी कित्येक पिढ्या हे हात कोणाच्याही नजरेत न येता चालतच होते.

शास्त्रात अशा हातांना स्थान आहे. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात परमेश्वर मोशेला सांगतो की, आपण बसालेलाला नावाने बोलाविले असून त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे. आणि हा आत्मा त्याला कशासाठी मिळाला? संदेश देण्यासाठी किंवा राज्य करण्यासाठी मुळीच नव्हे. सोने, रुपे आणि पितळ घडविण्यासाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी, लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. पवित्र शास्त्रात ज्यांच्याविषयी 'आत्म्याने परिपूर्ण' असे स्पष्ट म्हटले आहे, अशा अगदी पहिल्या माणसांपैकी एक हा कारागीर आहे. आपल्या धर्मशाळांतील आत्मदानांच्या व्याख्यानांत त्याचे नाव क्वचितच ऐकू येते, ही आपली उणीव आहे.

जे पडद्यावर नाही

आता पटाच्या मर्यादांकडे वळू. दिग्दर्शकाला आपला विषय फार आवडला आहे, आणि या आवडीने त्याच्या दृष्टीवर पडदा ओढला आहे. घास पाटीवर ठेवला जातो तो मंद गतीने. त्यावर रसाचा ब्रश फिरतो तोही मंद गतीने. पाठीमागे फिलिप ग्लास यांचे आवर्ती संगीत, कोठे मोत्सार्ट. समीक्षक यामामोतो भोजनाची तुलना संगीतरचनेशी करतात आणि लगेच वाद्यवृंद सुरू होतो. पटात बोलणारा जवळजवळ प्रत्येकजण भक्त आहे. सोडून गेलेल्या शिष्याला कोणी बोलते केलेले नाही. एक तर असा होता की तो एका दिवसात निघून गेला, असे ऐकावयास मिळते आणि प्रेक्षक हसतात. त्या निघून गेलेल्याचे म्हणणे काय होते, हे विचारले असते तर पट अधिक खरा झाला असता.

पट संपल्यावर वसतिगृहातील त्या बाईंनी विचारले, "समदं दावलं, पर ह्या माणसाची मालकीण कुठं हाय?"

सभागृहात क्षणभर कोणी बोलले नाही. प्रश्न बिनतोड होता. जिरोंच्या दोन मुलांची माहिती आपल्याला मिळते, तांदूळ विकणाऱ्याचा स्वभावही कळतो, कोळंबीचा व्यापारी ओळखीचा होतो. परंतु ज्या स्त्रीने ती दोन मुले वाढविली, तिला या पटात स्थान नाही. जिरो स्वतः सांगतात की, मुले लहान असताना ते पहाटे पाचला घर सोडीत आणि रात्री मुले निजल्यावर परत येत. एका रविवारी ते घरी झोपले असता मुलाने आईजवळ तक्रार केली की, कोणी अनोळखी माणूस घरात येऊन झोपला आहे. जिरो ही हकीकत हसत सांगतात आणि पट ती हसत ऐकतो. ज्या आईने त्या मुलाला 'हे तुझे वडील' असे सांगितले असेल, तिचे उत्तर पडद्यावर येत नाही. एका माणसाची अखंड साधना दुसऱ्या कोणाच्या तरी अखंड, बिनपगारी कामावर उभी असते. कलबुर्गीच्या कडक भाकरीची कीर्ती दूरवर आहे. पण चुलीपुढे ती थापणाऱ्या बायांपैकी किती जणींना आपण 'साधक' म्हटले आहे?

मराठी संतपरंपरेत एक भयंकर आख्यायिका आहे. तेरचे गोरोबा कुंभार विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवीत असता त्यांचे स्वतःचे मूल पायांखाली आले. त्या कथेचा शेवट भक्तीच्या गौरवात होतो, हे खरे. परंतु कथेने मूल लपविलेले नाही आणि त्याच्या आईचा आक्रोशही लपविलेला नाही. तल्लीनतेची किंमत कोण मोजतो, हे सांगण्याचे धैर्य त्या जुन्या कथाकारापाशी होते. गेल्ब यांच्या पटात नेमके तेवढेच कमी पडते.

दोन पुत्र

तरीही पटाचा सर्वांत सखोल भाग पितापुत्रांचा आहे, आणि तेथे दिग्दर्शकाने पुष्कळ काही टिपले आहे. कदाचित आपण काय टिपतो आहोत याची त्याला पूर्ण कल्पनाही नसेल. जिरोंचे बालपण कष्टात गेले. वडिलांचा धंदा बुडाला, व्यसन लागले, आणि लहानग्या जिरोला बजावण्यात आले की, तुला परत यावयास आता घर नाही. त्या भयातून त्यांची मेहनत जन्मली. पुढे धाकट्या मुलाने वेगळे भोजनगृह काढले, तेव्हा जिरोंनी त्यालाही तेच सांगितले : आता तुला परत यावयास घर नाही. मुलांना 'जमले नाही तर परत ये' असे सांगणारे आईबाप त्यांना मूर्ख वाटतात.

हे ऐकताना लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायाची आठवण न होणारा ख्रिस्ती वाचक विरळा. तेथेही एक पिता आहे आणि दोन पुत्र आहेत. धाकटा दूर जातो; थोरला घरी राहून राबतो. परंतु प्रभूच्या दृष्टान्तातील पिता मुलगा दूर असतानाच त्याला पाहतो, याचा अर्थ तो वाटेकडे डोळे लावून बसला होता. जिरोंच्या शिकवणीने मुले समर्थ झाली, यात शंका नाही. धाकट्याच्या भोजनगृहालाही पुढे नाव मिळाले. तथापि ज्या घरात परतीची वाट ठेवलेली नाही, त्या घरातील प्रत्येक यश हे भयाचे यश असते. जिरो आईवडिलांच्या कबरीपाशी जातात तो प्रसंग पटात आहे. आपला सांभाळ न करणाऱ्यांच्या कबरीशी आपण का येतो, असा त्यांचा सूर आहे. येथे ८५ वर्षांचा कीर्तिमान पुरुष क्षणभर दारातून परत पाठविलेले मूल दिसतो. संपूर्ण पटात आम्हांस सर्वाधिक करुण वाटलेला क्षण हाच.

आणि थोरला? योशिकाझुला तरुणपणी वेगवान मोटारी चालवावयाच्या होत्या. जिरोंना सत्तरीत हृदयविकार झाला, तेव्हापासून मासळीबाजाराचे काम त्याच्याकडे आले. शेवटाकडे यामामोतो सहज सांगून जातात की, मिशेलिनचे परीक्षक आले तेव्हा त्यांना घास करून देणारा योशिकाझु होता. म्हणजे ज्या ताऱ्यांमुळे पिता जगप्रसिद्ध झाला, ते पुत्राच्या हातांनी मिळविले होते. दृष्टान्तातील थोरल्या मुलाला पिता म्हणतो की, जे माझे ते सर्व तुझेच आहे. योशिकाझुला असे कोणी म्हटल्याचे आपण ऐकत नाही. पट या प्रसंगावर थांबत नाही. आमच्या मते पटाचा खरा शेवट येथेच व्हावयास हवा होता.

बसालेल आणि शब्बाथ

जिरोंना सुट्टी आवडत नाही. सार्वजनिक सुट्टीचा दिवस त्यांना लांब वाटतो. कधी एकदा कामावर जातो, असे त्यांना होते. जपान सरकारने त्यांचा गौरव केला त्या दिवशीही समारंभ आटोपून ते संध्याकाळी कामावर हजर झाले. पट हे सारे कौतुकाने सांगतो.

आपण मात्र येथे थांबावे. बसालेलाचा उल्लेख ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायाचा पुढील भाग अनेकदा वाचावयाचा राहतो. ११ व्या वचनापर्यंत कारागिरांची नेमणूक होते. १२ व्या वचनापासून शब्बाथाची आज्ञा सुरू होते. निवासमंडपासारखे पवित्र काम, तेही आत्म्याने भरलेल्या कारागिराच्या हातून. तरी सातव्या दिवशी हत्यार खाली ठेवावयाचे. ३५ व्या अध्यायात प्रत्यक्ष काम सुरू होण्याची वेळ येते, तेव्हा तर शब्बाथाची आज्ञा आधी येते आणि बसालेल नंतर. हा क्रम आकस्मिक नसावा. कौशल्य देणारा देवच कौशल्याला सीमा घालतो, कारण सीमा नसलेले काम स्वतःच देव होऊ पाहते. अनुवादाच्या ५ व्या अध्यायात या विसाव्याचा आणखी एक हेतू सांगितला आहे : दासदासींनाही विसावा मिळावा, कारण तुम्हीही मिसर देशात दास होता. धन्याला सुट्टी नकोशी वाटते तेव्हा पंचे पिळणाऱ्या पोरालाही ती मिळत नाही, हे येथे ध्यानात येते. शब्बाथ हा धन्याच्या आवडीनिवडीवर सोडलेला नाही, यातच त्याची करुणा आहे.

कायक आणि दासोह

बिदर जिल्ह्यातच बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळ याच्या काळी बसवण्णा आणि त्यांचे सहकारी शरण यांनी येथे जो विचार मांडला, त्याचे दोन आधारस्तंभ कायक आणि दासोह. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम, आणि तोच ईश्वराप्रत जाण्याचा मार्ग. एवढेच असते तर जिरोंना शरणांच्या पंक्तीत बसविता आले असते. परंतु कायकाला दासोहाची जोड आहे : श्रमाचे फळ आपल्यापाशी न साठविता समाजाला वाटावयाचे.

आयदक्की मारय्या आणि त्याची पत्नी लक्कम्मा यांची कथा या भागात सर्वश्रुत आहे. सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्याचे कायक. त्यातून शरणांना जेवू घालणे हे त्या दांपत्याचे दासोह. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्माने त्याला ते परत टाकून येण्यास सांगितले. गरजेहून अधिकाची इच्छा शरणांना शोभत नाही, असे तिचे म्हणणे. निर्गमाच्या १६ व्या अध्यायातील मान्ना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल. आम्हांस येथे दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक, श्रमाला पुरेपणाची मर्यादा आहे. दुसरी, ही मर्यादा दाखवून देणारी त्या घरातील स्त्री आहे, आणि परंपरेने तिचे शब्द जपले आहेत. जिरोंच्या पटात लक्कम्मा नाही. वसतिगृहातील बाईंनी तिचीच जागा रिकामी दिसल्याचे सांगितले, असे म्हणावयास हरकत नाही.

मर्यादेचा प्रश्न पटात एकदा येतो, आणि तोही पुत्राच्या मुखातून. योशिकाझु सांगतो की, सुशी सर्वत्र स्वस्त झाल्यामुळे अतोनात मासेमारी होत आहे, लहान मासे वाढण्यापूर्वीच पकडले जात आहेत, आणि पूर्वी सहज मिळणारे मासे आता दुर्मिळ झाले आहेत. लगेच पट पुन्हा सुंदर घासांकडे वळतो. समुद्रालाही विसावा लागतो, हा विचार तेथेच राहून जातो.

कामावर प्रेम कोणी करावे?

जिरोंचा मुख्य उपदेश असा की, एकदा काम पत्करले की त्याच्या प्रेमात पडावे आणि आयुष्यभर त्यात सुधारणा करीत राहावे. हा उपदेश ऐकून आमच्या सभागृहातील तरुण गवंडी म्हणाला, "हे खरं हाय; पर आमच्या आज्याला बी असंच सांगत व्हते." त्याच्या आजोबांचे काम मेलेली जनावरे ओढण्याचे होते.

या वाक्याने चर्चेला वेगळे वळण लागले. बिदर आणि कलबुर्गी भागातील आपल्या मंडळ्यांत अशी पुष्कळ कुटुंबे आहेत, की ज्यांच्या पूर्वजांना जन्माने नेमलेली कामे करावी लागत. 'तुझे काम हीच तुझी पूजा' हे वाक्य त्यांच्या कानी वरच्या ओसरीवरून पडत आले आहे. त्यामुळे पाचारणाची शिकवण देताना आपण सावध असले पाहिजे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले त्या स्थितीत त्याने राहावे असे म्हणतो. पण लगेच पुढच्या वचनात दासाविषयी सांगताना, मोकळे होता येत असेल तर त्या संधीचा उपयोग करण्याचा सल्लाही देतो, असाच त्या वचनाचा अर्थ पुष्कळ भाष्यकार करतात. पहिले वचन दुसऱ्याशिवाय वाचले तर पाचारणाची बेडी होते.

शरणांनीही हे ओळखले होते. त्यांच्यात चांभार होते, नावाडी होते, दोर वळणारे होते. कोणाचेही कायक हलके मानले जात नसे. परंतु ते तेथेच थांबले नाहीत. परंपरा सांगते की, चांभार हरळय्याचा पुत्र आणि ब्राह्मणकुळातील मधुवय्याची कन्या यांचा विवाह त्यांनी मान्य केला, आणि त्यासाठी कल्याणला भयंकर किंमत मोजावी लागली. श्रमाला प्रतिष्ठा देणे आणि श्रमाची जन्माशी घातलेली गाठ सोडविणे, ही दोन्ही कामे बरोबरच करावयाची असतात.

दहा खुर्च्या आणि पंगत

शेवटचा मुद्दा पाहुण्यांचा. २०१९ साली मिशेलिनने हे भोजनगृह आपल्या मार्गदर्शिकेतून वगळले. चव उतरली म्हणून नव्हे. तेथे सामान्य माणसाला जागा राखून ठेवण्याची सोयच उरली नव्हती म्हणून. ओळखीच्यांना अथवा मोठ्या हॉटेलांच्या मध्यस्थीने येणाऱ्यांनाच प्रवेश मिळे. सर्वोत्तमाचा ध्यास अखेर बंद दारापाशी आला, हे आम्हांस या पटाचे न चित्रित झालेले उपसंहार-प्रकरण वाटते. जिरोंनी ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाची १०० वर्षे पूर्ण केली. त्यांच्या दीर्घायुष्याबद्दल आनंदच आहे. पण त्यांच्या दारातून आत जाणाऱ्यांची संख्या लहानच राहिली.

याउलट बिदरला गुरुनानक झिरा साहिब गुरुद्वारात लंगर चालते. कलबुर्गीला शरणबसवेश्वरांच्या नावाने दासोह चालत आले आहे. आणि मार्गशीर्ष अमावास्येला, आपल्या येळवशीला, या सीमाभागातील शेतकरी शेतात जाऊन भज्जी, आंबील आणि उंडे मांडतो व वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून बसवितो. तेथे भज्जीची चव प्रत्येक शेतात निराळी असते. कोणी तिला तारे देत नाही. कौशल्य आणि मोकळे दार यांचा विरोध आहे, असे आम्ही म्हणत नाही. वीस भाज्या एका पातेल्यात मिळवून आणणाऱ्या बाईचे कसब जिरोंहून कमी नाही. मात्र त्या कसबाचे माप किती जण पंगतीला बसले यानेही घेतले जाते.

योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू स्वतः आचारी झालेला दिसतो. रात्रभर राबून रिकाम्या हातांनी राहिलेले शिष्य पहाटे त्याच्या सांगण्यावरून जाळे टाकतात. १५३ मासे किनाऱ्यावर ओढून आणण्यापूर्वीच त्यांना कोळशांचा विस्तव, त्यावर ठेवलेली मासळी आणि भाकर दिसते. त्यांच्या कष्टाचे फळ तो नाकारीत नाही. त्यातलेही काही आणावयास सांगतो. परंतु न्याहारी त्या फळाआधीच तयार आहे. आणि ज्याने तीन वेळा नाकारले होते, त्यालाही परत यावयास तेथे जागा आहे. जिरोंच्या बालपणी त्यांना जे सांगण्यात आले, त्याच्या नेमके उलट ही न्याहारी सांगते.

एवढे दोष दाखवूनही आम्ही हा पट पाहण्याची शिफारस करतो, विशेषतः धर्मशाळांतील विद्यार्थ्यांना. बेपर्वाईने केलेली उपासना, घाईने रचलेला उपदेश, 'चालेल' म्हणून सोडून दिलेले काम यांची लाज वाटावयास लावणारी शक्ती जिरोंच्या हातांत आहे, आणि आपल्याला तिची गरज आहे. मात्र पट संपल्यावर दिवे लावावेत आणि त्या बाईंनी विचारलेला प्रश्न कोणी तरी मोठ्याने विचारावा. पाचारणाची चर्चा त्या प्रश्नापासून सुरू झाली तर ती सरळ मार्गाने जाईल, असे आम्हांस वाटते.